तीन मूर्ती चौक : संग्रहालयात शिरण्याआधी इथे थांबा

बाबांना घेऊन परभणीहून सचखंड एक्स्प्रेसने दिल्लीला गेलो होतो. ऑटोवाल्याला 'तीन मूर्ती' सांगितलं, तर त्याने थेट पंतप्रधान संग्रहालयाच्या फाटकाशी सोडलं. बहुतेक लोक तिथूनच आत जातात. पण ज्यांच्यावरून संग्रहालयाच्या आवारातल्या नेहरूंच्या बंगल्याला 'तीन मूर्ती' हे नाव मिळालं, ते तीन जवान समोरच्या चौकात उभे आहेत. स्मारक १९२२ चं, बंगला त्यानंतरचा.

पांढऱ्या दगडी स्तंभाभोवती हातात भाला घेतलेले तीन कांस्य पुतळे आहेत, लिओनार्ड जेनिंग्ज या शिल्पकाराने घडवलेले. जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद या संस्थानांच्या घोडदळांचे हे प्रतिनिधी. सिनाई, पॅलेस्टाईन आणि सीरियात पहिल्या महायुद्धात पडलेल्यांची ही आठवण. हैदराबादचं नाव ऐकून बाबा थबकले. तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्याच राज्यात होता ना!

२३ सप्टेंबर १९१८ ला आजच्या इस्रायलमधलं हैफा शहर तुर्कांकडून घेतलं ते जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांनी. समोर तोफा आणि मशीनगन, एका बाजूला कार्मेल डोंगर, दुसरीकडे किशोन नदी. नदीकाठी घोडे रुतायला लागले, तशी जोधपूरच्या स्वारांनी दिशा बदलली आणि ते तोफांवर चालून गेले. मेजर दलपतसिंह शेखावत तिथेच पडले. त्या दिवशी माणसांपेक्षा कितीतरी जास्त घोडे मेले. पुतळ्यांजवळ मात्र एकही घोडा नाही. मला ते फार लागलं.

२०१८ पासून चौकाचं नाव 'तीन मूर्ती हैफा चौक' आहे, पण ऑटोवाल्याला जुनंच नाव सांगा. मेट्रोने यायचं तर पिवळ्या मार्गावरचं लोककल्याण मार्ग स्टेशन जवळचं. तिथून वयस्कर मंडळींसाठी ऑटो करा. सकाळी लवकर या. पुढे वाहनांची रीघ लागते आणि गोल चौकात रस्ता ओलांडताना बाबांचा हात मला घट्ट धरावा लागला. भाग कडेकोट बंदोबस्ताचा आहे, पोलीस हटकतात तेव्हा वाद घालू नका. संग्रहालय सोमवारी बंद असतं, म्हणून तो दिवस टाळा. आणि एकाच पुतळ्यापुढे फोटो काढून निघू नका. तिघांची तोंडं तीन दिशांना आहेत, म्हणून पूर्ण फेरी मारा.