वक्तृत्ववाले, वादविवादवाले आणि एकांकिकावाले

आता जुलै-ऑगस्ट आला की नाशकात कॉलेजच्या नोटीस बोर्डवर स्पर्धांची पत्रकं लागायला लागतात आणि माझ्याकडे कुणाचं तरी पोरगं येतंच, "दादा भाषण लिहून देता का". मी नाही देत. वक्तृत्वात सध्या जे चाललंय ते मला झेपत नाही बुवा, सुरुवातीला शेर, मधे शिवाजी महाराज, शेवटी आवाज चढवायचा आणि घंटा वाजायच्या आत टाळी घ्यायची. सात मिनिटं सगळं पाठ. विषय 'पाणीटंचाई' असो नाहीतर 'मोबाईल', हातवारे सेम.

त्यापेक्षा मी सांगतो वादविवादाला जा. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी दोघांचा संघ असतो, एक अनुकूल बोलणार एक प्रतिकूल, आणि सांघिक करंडकासाठी दोघांचे मार्क एकत्र धरतात. म्हणजे घरी तयारी करताना तुमचाच पार्टनर तुमचे मुद्दे खोडतो, आणि खोडायलाच पाहिजे, नाहीतर स्टेजवर दुसऱ्या कॉलेजची पोरगी उठून दोन वाक्यात तुमची हवा काढते. खंडनाला मार्क असतात ना, मग समोरचा काय बोलतोय ते कान देऊन ऐकावंच लागतं.

आणि एकांकिका तर काय, नाशिककरांना वेगळं सांगायला नको. कुसुमाग्रज इथले, नाटककार वसंत कानेटकर इथल्याच एचपीटी कॉलेजात शिकवायचे. पण म्हणून आपल्या पोरांना नाटक आपोआप येतं असं काही नाहीये हां! तालमीला जागा मिळत नाही, परीक्षा मधेच येते, लाईटवाला ऐनवेळी फोन उचलत नाही. तरी वक्तृत्वातला पोरगा एकांकिकेत आला की पहिल्या आठवड्यातच त्याचा आवाज खाली येतो, कारण समोरच्याचं वाक्य संपल्याशिवाय त्याला स्वतःचं बोलताच येत नाही, आणि लांब पॉज घेतला तर दिग्दर्शक ओरडतो.

बक्षिसाचं म्हणाल तर पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेला २०२२ मध्ये परीक्षकांनी करंडकाच्या लायकीची एकांकिकाच नाही म्हणून करंडक कुणालाच दिला नव्हता. केवढा गोंधळ झाला होता तेव्हा! मला तो निर्णय आवडला, उगाच सगळ्यांना उत्तेजनार्थ वाटत बसण्यापेक्षा बरं.

तर पोरांनो, भाषण लिहून मिळणार नाही. वादविवादाचा विषय घेऊन या, मी विरुद्ध बाजूने बोलतो, चहा तुमच्याकडून.