हिंगणा ते बुटीबोरी: लटकलेल्या लॉगिनच्या मागे नागपुरात तीन दिवस

"डीएनएसचा घोळ आहे, दोन तासांत आटपेल," असं नागपूरच्या एका कारखान्यातून फोनवर सांगितलं गेलं; तिथलं लॉगिन मधेच लटकत होतं. त्या भरवशावर मी पुण्याहून रात्रीच्या गाडीने निघाले आणि परतीचं तिकीटही दुसऱ्याच रात्रीचं काढलं. मुक्काम पडला तीन दिवसांचा. डीएनएस (नावावरून मशीनचा पत्ता शोधणारी यंत्रणा) पहिल्या मिनिटापासून ठणठणीत होतं. उद्या ज्यांना असाच फोन येईल, त्यांच्यासाठी हे लिहितेय. क्युबरनेटीस (अनेक मशीनवर अ‍ॅप चालवणारी प्रणाली), कीक्लोक (लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) आणि एलडॅप (वापरकर्ते आणि त्यांचे गट ठेवणारी यादी) हाताखालून गेलेले आहेत असं धरून चालते.

आधी पोचण्याचं. मे महिना, सकाळी आठलाच चटके. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने हिंगणा एमआयडीसीचे सहाशे रुपये सांगितले आणि मी घाईत दिले. तुम्ही देऊ नका. रेल्वे स्टेशनपासून अ‍ॅक्वा लाइनची मेट्रो थेट लोकमान्य नगरला जाते, बर्डीला (सीताबर्डी स्टेशनला) गाडीसुद्धा बदलावी लागत नाही.

कारखान्याचं क्लस्टर चार नोडचं, म्हणजे एकत्र जोडलेल्या चार मशीनचं, के३एसवर (क्युबरनेटीसची हलकी आवृत्ती). तीन मशीन हिंगण्यात, चौथं बुटीबोरीच्या युनिटात, आणि दोन्हीकडच्या राउटरमध्ये वायरगार्डचा टनेल (एन्क्रिप्टेड जोडणी). कीक्लोकचे दोन पॉड (चालू प्रती), एक इथे, एक तिथे. एलडॅप फक्त हिंगण्यात. तक्रार अशी की स्टोअरमधल्या मुलाचं लॉगिन कायम होतं, प्लांट मॅनेजरचं मात्र एकदा होतं, एकदा लटकतं. "मॅडम, पासवर्ड तीनदा बदलून देल्ला, तरी तसंच होते," तिथले सिस्टिमवाले दादा सांगत होते. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

पहिला दिवस नेहमीच्या संशयितांमध्ये गेला. क्लस्टरमधलं डीएनएस, म्हणजे कोअरडीएनएस, नावांचे पत्ते बरोबर देत होतं. ‘एनडॉट्स ५’ या डीएनएसच्या सेटिंगमुळे फालतू चौकशा वाढतात, पण त्याने लॉगिन अडत नाही. मशीनची घड्याळं क्रोनी या प्रोग्रॅमने जुळलेली. कीक्लोकच्या पॉडना आपसात बोलायला लागणारा ७८०० पोर्ट उघडा. एक खरी चूक सापडली: एक अ‍ॅप कीक्लोकला आतल्या सर्व्हिसच्या नावाने गाठत होतं आणि टोकनमध्ये (लॉगिननंतर मिळणाऱ्या डिजिटल पासात) इश्युअर, म्हणजे पास देणाऱ्याचं नाव, बाहेरच्या पत्त्याचा येत होता. कीक्लोकच्या होस्टनेम सेटिंगमध्ये एचटीटीपीएससकट पूर्ण पत्ता द्या आणि ‘बॅकचॅनल डायनॅमिक’ चालू करा, ते अर्ध्या तासात मिटतं. पण मॅनेजरचं लॉगिन तसंच लटकत राहिलं.

संध्याकाळी जे दिसलं त्याने मात्र संताप झाला. आधीच्या ठेकेदाराने ‘सर्टिफिकेट खराब आहे’ असं ठरवून एलडॅप ६३६ या पोर्टवरून ३८९ वर आणलं होतं, टीएलएसशिवाय (म्हणजे एन्क्रिप्शन नसताना). म्हणजे अख्ख्या कारखान्याचे पासवर्ड हिंगण्याच्या लॅनवर उघडे फिरत होते. सर्टिफिकेटमध्ये कणभरही खोट नव्हती. ‘तपासणी बंद केली की चालतं’ हा उपाय कुणी सुचवला, तर तिथेच थांबवा.

दुसऱ्या दिवशी बुटीबोरीच्या पॉडमधून ओपनएसएसएल या साधनाने एलडॅपच्या ६३६ वर जोडून पाहिलं. ‘कनेक्टेड’ ही ओळ लगेच आली. त्यानंतर काहीच नाही, नुसता कर्सर लुकलुकत राहिला. हिंगण्याच्या पॉडमधून तीच आज्ञा डोळ्याचं पातं लवायच्या आत पूर्ण व्हायची. हिंगण्याकडून टीसीपीडंप (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं साधन) लावला, तर १३९८ बाइटचं एकच पॅकेट परत परत जाताना दिसलं, दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबून. ही संख्या पाठ करून ठेवा. १४५० च्या एमटीयूमधून (एका पॅकेटच्या कमाल लांबीतून) आयपीचे २० आणि टीसीपीचे टाइमस्टॅम्पसकट ३२ वजा केले की उरतात ते हेच १३९८. छोटी पॅकेट पोचत होती, पूर्ण भरलेलं एकही पोचत नव्हतं. सर्टिफिकेटची साखळी एका पॅकेटात मावत नाही, म्हणून टीएलएस तिथेच अडायचं. आणि ३८९ वरसुद्धा मॅनेजर का लटकतो, तेही उलगडलं: ते ढीगभर गटांमध्ये आहेत, त्यांचं उत्तर मोठं, म्हणून लॉगिन बुटीबोरीच्या पॉडकडे गेलं की अडायचं. स्टोअरमधला मुलगा एकाच गटात.

कारण असं. नोडच्या नेटवर्क कार्डावर एमटीयू १५००, म्हणून फ्लॅनेलने (पॉडचं नेटवर्क जोडणारा भाग) व्हीएक्सलॅनच्या आवरणाचे ५० काढून पॉडना १४५० दिला. वाटेतला वायरगार्ड टनेल १४२० चा. नोडला त्याचा पत्ताच नाही, कारण टनेल राउटरवर आहे. मोठ्या पॅकेटचे टनेलच्या तोंडाशी तुकडे पडायचे आणि पलीकडची फायरवॉल ते तुकडे मुकाट्याने फेकून द्यायची. लॉगमध्ये एक ओळ नाही. खात्री करायची तर एका नोडवरून दुसऱ्यावर तुकडे न करण्याच्या अटीवर पिंग मारा. आमच्याकडे १३९२ चं परत आलं, १३९३ चं नाही. त्यात पिंगच्या हेडरचे २८ मिळवा, १४२० होतात. दोन जागांवर पसरलेलं क्लस्टर असेल तर ही चाचणी सगळ्यात आधी करा, डीएनएसच्याही आधी. माझा एक अख्खा दिवस वाचला असता.

उपाय: चारही नोडच्या कार्डावर १४२० लावला आणि मशीन एकेक करून रीबूट केली. फ्लॅनेलने आपोआप १३७० घेतला. कार्डावरचा आकडा नुसता बदलून रीबूट टाळू नका, आधीपासून चालू असलेले पॉड जुनाच आकडा धरून बसतात.

बुटीबोरीचं मशीन दुरून बदलायची माझी हिंमत झाली नाही, मी स्वतः गेले. हिंगण्याहून बर्डी, तिथे ऑरेंज लाइन पकडून खापरी, आणि पुढे वर्धा रोडने गाडी. दुपारी बारा ते चार या वेळात हा प्रवास करू नका, मला उन्हाने चक्कर आली.

तिसरा दिवस निवांत गेला. सकाळी तर्री पोहे, मग एलडॅप परत ६३६ वर, ३८९ बंद, आणि सगळ्यांचे पासवर्ड बदलायला लावले. दुपारी मॅनेजर साहेबांना बुटीबोरीच्या पॉडवरून सलग वीस वेळा लॉगिन करायला सांगितलं. वीसही झाले. सिस्टिमवाल्या दादांनी १३९८ हा आकडा मार्करने रॅकच्या दारावर लिहून ठेवला.