कॉम्प्युटर असताना कागद का?

डिझाइनला जाऊ पाहणारी मुलं विचारतात, त्यांचे आईबाबा जास्त विचारतात: "आता सगळं कॉम्प्युटरवरच होतं ना? मग तुम्ही अजून हातानं का काढता?" एरवी हसून वेळ मारून नेतो. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगतो.

मी नागपुरात कूलर डिझाइन करतो. मे महिन्यात इथं पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे कूलर आमच्याकडे चैनीत मोजत नाहीत. वस्तू तशी साधी. तीन बाजूंना ताट्या, म्हणजे पाणी धरून ठेवणारे पॅड, खाली टाकी, टाकीतला पंप पाणी वर चढवतो, ते ताट्यांवरून झिरपतं आणि पंखा बाहेरची कोरडी हवा त्या ओल्या ताट्यांतून आत ओढतो. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते. बस.

काही वर्षांपूर्वी मी एक कूलर थेट कॉम्प्युटरवर केला. पांढरा, चकचकीत, खाली सावलीसुद्धा. मालक खूश. "फक्त निळा थोडा गडद करा," म्हणाले, आणि पुढची पंधरा मिनिटं आम्ही निळ्यावरच बोललो. नमुना तयार झाला तेव्हा कळलं, पंप बिघडला तर तो मागची ताटी उतरवूनच काढावा लागणार. बैठकीत कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. माझ्याही. चित्र इतकं पुरं झालेलं होतं की त्याला नावं ठेवावीत असं कुणाला वाटलंच नाही.

पुढच्या खेपेला बॉलपेननं काढलेला कागद घेऊन नागपूरजवळच्या वाडीतल्या, कूलर बनवणाऱ्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलो. मिस्त्रींनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"सर, पंप काढाचा कसा?"

"मागून."

"खिडकीबाहेर स्टँडवर ठेवला त मागून कोण जाईन जी?"

आणि कानावरची पेन्सिल काढून त्यांनी माझ्याच चित्रात, टाकीच्या बाजूला, एक चौकोन ओढला. बिजागरीसुद्धा दाखवली. रंगीत प्रिंटवर त्यांनी पेन्सिल टेकवली नसती. माझ्या वेड्यावाकड्या रेघांवर टेकवली, कारण त्या बघूनच कळत होतं की अजून काही ठरलेलं नाही.

दुसरं कारण माझ्यापुरतं. कॉम्प्युटर सुरुवातीलाच विचारतो, किती मिलिमीटर? अहो, अजून तो चौकोनी होणार की गोल, हेच मला माहीत नसतं! कागदावर तासाभरात काडेपेटीएवढी वीस चित्रं होतात. त्यातली अठरा टाकाऊ असतात आणि टाकताना जीव तुटत नाही, कारण प्रत्येकावर दोन-तीन मिनिटंच गेलेली असतात.

चित्र सुंदर लागत नाही. इंटरमिजिएटच्या परीक्षेत मला सी ग्रेड होती. खोकं, नळकांडं आणि लंबगोल एवढं जमलं की बरंच भागतं. त्यात लंबगोलच रडवतो. पंख्याचं वर्तुळ तिरकं दिसताना लंबगोल होतं आणि त्याचा आखूड अक्ष मोटरच्या शाफ्टच्या रेषेतच यायला हवा; जरा हलला की पंखा निखळल्यासारखा दिसतो. आधी पेन हलकं फिरवायचं, खोडायचं नाही, योग्य रेघ सापडली की तीच दाबून गडद करायची. बॉलपेन मला याचसाठी आवडतं. मग पाणी निळ्या बाणांनी, हवा लाल बाणांनी. आणि शेजारी एक माणूस हवाच. बादली उचलून टाकी भरणारी आजी काढली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की पाणी ओतायचं तोंड तिच्या खांद्याच्या वर चाललंय.

स्केच थापाही मारतं, हे कबूल. रेघेला जाडी नसते, पत्र्याला असते. बेंड मारला की कोपरा गोलसर होतो आणि कागदावर छान बसलेलं झाकण अडतं. म्हणून शेवटी मीही कॉम्प्युटरवर जातोच, लेसर कटिंगवाल्याला फाइलच लागते. फक्त तिथं जाईपर्यंत भांडणं कागदावर उरकलेली असतात.

परवा मिस्त्रींनीच व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर कूलरची ट्रॉली. चाकं बटाट्यासारखी आलीत, पण एक्सल टाकीच्या खालून कुठून नेला तर पाण्याचा भार पेलेल, ते स्पष्ट दिसतंय. मी त्याचीच प्रिंट काढून त्यावर लाल पेननं दोन प्रश्न लिहिलेत. उद्या शेडवर जातोय.