मैफिलीआधीचा अर्धा तास

गेल्या महिन्यात सांगलीत आमच्या वर्गातील विद्यार्थिनींचा नाट्यपदांचा कार्यक्रम झाला. पडदा उघडण्यास तासभर असताना मी रंगपटात गेलो, तेव्हा एक जण तार, म्हणजे वरच्या सप्तकात जोरकस ताना घेत होती आणि दुसरी मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातील पंचमावर खर्ज (खालचे स्वर लांबवण्याचा रियाज) लावून बसली होती. दोघींनाही मी थांबवले. रियाज वेगळा आणि आवाज तापवणे वेगळे, हे मला फार उशिरा कळले. तरुणपणी एका जत्रेतील कार्यक्रमाआधी मी तासभर पूर्ण जोराने गायलो आणि तिसऱ्या पदाला तार षड्ज (वरचा सा) लागेनासा झाला.

काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या सप्तकातील चौथ्या काळ्या पट्टीला षड्ज धरून, गाणाऱ्या मुलीचे स्वरतंतू मध्य षड्जावर सेकंदाला सुमारे २०८ वेळा आणि तार षड्जावर त्याच्या दुप्पट वेळा एकमेकांना भिडतात. इतके नाजूक अवयव थंड असताना त्यांच्यावर ताना लादणे हा अन्याय आहे. म्हणून मी पहिली पाच मिनिटे ओठ मिटून गुंजन करायला सांगतो. जबडा सैल, दात सुटे, आणि कंपने नाकाच्या मुळाशी व ओठांवर जाणवली पाहिजेत. त्यानंतर ओठ फडफडवत पंचमापर्यंत मींडेने, म्हणजे स्वर न तोडता घसरत, चढणे-उतरणे. याहून उपयोगी साधन म्हणजे पेलाभर पाणी आणि एक स्ट्रॉ. स्ट्रॉचे टोक पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडवून तिच्यातून बुडबुडे काढत एकच स्वर धरायचा. तोंडाची वाट अरुंद झाल्याने हवेचा दाब मागे स्वरयंत्राकडे फिरतो, आणि स्वरतंतू एकमेकांवर न आदळता हलकेच भिडतात. मुलींना सुरुवातीला हे पोरकट वाटले, पण एकदा फरक अनुभवल्यावर त्या स्वतःच स्ट्रॉ घेऊन येऊ लागल्या.

यानंतर आकार, म्हणजे नुसत्या 'आ'ने गाणे, तोही मध्य सप्तकातच. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचे वास्तव्य मिरजेत होते, त्यामुळे एकेक स्वर उलगडत जाणारी बढत आमच्या भागातील कानांना परिचित आहे. आवाजही तसाच, षड्जापासून एकेक पायरी चढत उघडावा. तार षड्जाला एक-दोनदा हलका स्पर्श करावा, तेथे मुक्काम करू नये. सकाळचा खर्ज मला प्रिय आहे, परंतु त्याची जागा पहाटेच्या तंबोऱ्यापुढे आहे. आणि हे सर्व कार्यक्रमातल्याच पट्टीत करावे. घरी काळी चार आणि मंचावर काळी पाच असे झाले की गळ्याची सगळी मोजमापे चुकतात.

पाण्याविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. प्यालेले पाणी अन्ननलिकेत जाते, ते स्वरतंतूंना थेट भिजवत नाही. शरीरात मुरून तेथे ओलावा पोहोचण्यास वेळ लागतो. म्हणून पाणी सकाळपासून थोडे थोडे प्यावे. वाफ मात्र थेट पोहोचते. ज्येष्ठमध आणि खडीसाखरेने घशाला आराम वाटतो, तेवढाच त्यांचा उपयोग मानावा. खाकरणे तर पूर्ण टाळावे, कारण त्यात स्वरतंतू एकमेकांवर जोराने आपटतात. त्याऐवजी घोटभर पाणी गिळावे.

नांदीपूर्वीची शेवटची दहा मिनिटे मी मुलींना बोलूही देत नाही. रंगपटातील गोंगाटात मोठ्याने बोलताना जितका आवाज खर्ची पडतो, तितका दोन पदे गाऊनही पडत नाही.