माझा अनुभव: १९६६ ची एमजीबी पुन्हा मूळ रूपात

गाडी मूळ रूपात आणायची तर मूळ रूप कोणतं हे आधी ठरवावं लागतं, आणि ते आठवणीवर ठरवता येत नाही. माझी एमजीबी रोडस्टर, म्हणजे दोन सीटची उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९६६ सालची. मी ती घेतली १९८१ मध्ये, इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत ज्युनियर डॉक्टर असताना. मधल्या पंधरा वर्षांत ती किती हातांतून गेली आणि कुणी तिचं काय काय बदललं, हे मला ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यानंतरच्या काळात मीही तिच्यात बदल केले. तेव्हा ती रोजची गाडी होती, आणि रोजच्या गाडीला जे सोयीचं ते आपण करतो. बॅटरी चार्ज करणारा जुना डायनामो जाऊन अल्टरनेटर आला, पेट्रोल आणि हवा मिसळणारे दोन एसयू बनावटीचे कार्बोरेटर काढून त्या जागी वेबर बनावटीचा एक मोठा बसला, तारांच्या चाकांऐवजी अलॉय व्हील्स आली आणि गाडी लालभडक झाली.

निवृत्तीनंतर काम हाती घेतलं ते गेडनपासून. तिथल्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये कारखान्याच्या उत्पादनाच्या नोंदी जपलेल्या आहेत. चॅसी नंबर कळवून फी भरली की गाडीचा हेरिटेज दाखला मिळतो. कोणत्या तारखेला बनली, कोणत्या डीलरकडे गेली, रंग, सीटचं कातडं, इंजिन नंबर, कारखान्यात बसवलेल्या जादा वस्तू, सगळं त्यात असतं. माझ्या दाखल्यावर होतं: पेल प्रिमरोझ रंग, काळं कातडं, तारांची चाकं, ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिन सावकाश फिरू देणारी गिअरची जोड), हीटर. हो, त्या काळी हीटरही वेगळे पैसे देऊन घ्यावा लागे. इंजिनाचा नंबर १८जीबी ने सुरू होणारा, म्हणजे पाच मेन बेअरिंगचं १७९८ सीसी इंजिन, आणि माझ्या इंजिनावरचा नंबर दाखल्याशी अक्षरशः जुळला. तो दिवस मी विसरणार नाही.

दाखला आला आणि घरात वाद सुरू झाला. मुलगी लहानपणी सीटच्या मागच्या अरुंद फळीवर बसून याच गाडीतून वेल्सला आलेली. ती म्हणाली, "बाबा, आपली गाडी लाल आहे. पिवळी गाडी कुणाची तरी दुसऱ्याची वाटेल." तिचं म्हणणं मला आत लागलं. पण हीटरचा डबा बाहेर काढला (ज्यांनी एमजीबीचा हीटर काढलाय त्यांना हे वाक्य किती तासांचं आहे ते कळेल) तेव्हा त्याच्या मागच्या पत्र्यावर तो रंग होता, सायीसारखा फिकट पिवळा, कुठेही उन्हाने न विटलेला. ॲबिंग्डनच्या कारखान्यातून गाडी निघाली तेव्हाचा. मी मुलीला बोलावून टॉर्चच्या उजेडात दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ठीक आहे, पण लाल रंगाचा एक तुकडा मला ठेव." डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तळहाताएवढा लाल चौकोन आम्ही तसाच ठेवला आहे. शुद्धतावाद्यांना तो आवडत नाही. मला चालतो.

आता पत्र्याबद्दल, कारण या गाडीचं खरं काम तिथेच आहे. एमजीबीला वेगळी चॅसी (खालचा सांगाडा) नाही, बॉडीच सगळा भार उचलते. हूड, म्हणजे कापडी छत, उघडं असलेल्या गाडीला छपराचा आधार नसतो, म्हणून दाराखालच्या सिलवर सगळा जोर येतो. हा सिल एका पत्र्याचा नसतो. बाहेरचा सिल, आतला सिल, मध्ये एक उभा पत्रा, आणि खाली किल्ल्याच्या तटासारखे खाचे असलेली पट्टी, जिला इथे कॅसल सेक्शन म्हणतात. बाहेरून टोकरून काही कळत नाही. माझ्या गाडीचा डाव्या बाजूचा सिल दिसायला उत्तम होता. वेल्डरने कापला तर आत दुसरा सिल निघाला, गंजून जाळी झालेला. ऐंशीच्या दशकात एका गॅरेजने वार्षिक तपासणीपुरतं कुजलेल्या सिलवरच नवा पत्रा चढवून दिला होता, आणि बिलात मात्र "सिल बदलला" असं लिहिलं होतं. बंद पोकळीत ओल कोंडली आणि मधला पत्रा खालच्या बाजूने अक्षरशः भुगा झाला. याचा मला अजून राग आहे, कारण त्या सिलच्या भरवशावर मी मुलांना घेऊन मोटरवेवर गाडी चालवली.

सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे लोखंडी रॉड वेल्ड करून घ्यावेत, नाहीतर बॉडी मध्ये खचते आणि दारं पुन्हा कधीच नीट बसत नाहीत. माझा वेल्डर जुन्या वळणाचा. प्रत्येक टप्प्याला तो दार बसवून बघायचा, फट वर-खाली सारखी आहे का ते बोटाने चाचपायचा, मगच पुढचा टाका. पुढचे फेंडर बोल्टवर असतात, ते सुटून येतात. मागच्या फेंडरचा खालचा कोपरा मात्र कापावाच लागतो. तो कोपरा न कापता सिल "बदलून" देणारा कुणी भेटला तर त्याला गाडी देऊ नका.

पूर्ण नवी बॉडी हा सोपा मार्ग होता. ब्रिटिश मोटर हेरिटेजने १९८८ पासून जुन्याच साच्यांवर एमजीबीच्या नव्या बॉडी काढल्या. अनेकांनी त्या घेतल्या आणि त्या चांगल्या आहेत. मला तो मार्ग नको होता. बॉडी बदलली, सीट बदलल्या, इंजिन बदललं, मग मूळ उरलं काय? माझी भूमिका साधी: जे दुरुस्त होतं ते बदलायचं नाही. ॲल्युमिनियमचं बॉनेट (सुरुवातीच्या गाड्यांना ते असे) पोचे काढून तेच ठेवलं. ॲल्युमिनियम ठोकताना पत्रा ताणला की लाटा येतात, म्हणून ते काम फार सावकाश झालं. सीटचं कातडं उसवून आतला फोम नवा घातला आणि तेच कातडं पुन्हा शिवलं. चिरा दिसतात. दिसू देत.

यामागे भावना आहेच, पण व्यवहारही आहे. नव्या बनावटीचे सुटे भाग मुबलक मिळतात, पण सगळे धड नसतात. दाराची नवी रबरं इतकी टणक निघाली की दार लागेना. डिस्ट्रिब्युटरचा (प्लगांना वीज वाटणाऱ्या भागाचा) नवा रोटर आर्म गरम झाल्यावर दगा द्यायचा, आणि गॅरेजमधल्या डब्यातला जुना घातल्यावर गाडी सुरळीत. जुने भाग टाकू नका, एवढं मी कळकळीने सांगतो. माझे एसयू कार्बोरेटर त्याच डब्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते, म्हणून परत बसवता आले. स्पिंडल झिजले होते तेवढे नवे केले.

विजेचं काम मी स्वतः केलं. १९६६ च्या एमजीबीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, आणि सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. अल्टरनेटर लावताना हे सगळं उलटं केलं होतं, ते पुन्हा सुलटं करायचं. आरपीएमचा मीटर दुरुस्तीला पाठवला, कॉइलच्या तारा अदलाबदल केल्या. लुकासचा सी४० डायनामो बसवला की त्याला दिशा शिकवावी लागते: त्याच्या दोन्ही तारा सोडवायच्या, बॅटरीच्या निगेटिव्हकडून एक तार आणून लहान, एफ टर्मिनलला दोन-तीनदा टेकवायची. प्रत्येक वेळी निळी ठिणगी उडते. आतल्या लोखंडात नवं चुंबकत्व बसतं आणि डायनामो योग्य बाजूने चार्ज करू लागतो. पहिल्यांदा इंजिन वाढवल्यावर डॅशबोर्डवरचा तांबडा दिवा विझला तेव्हा मी एकटाच मोठ्याने ओरडलो.

एका बाबतीत मी मूळ सोडलं. शिसं घातलेल्या पेट्रोलची सर्रास विक्री इथे १९९९ अखेर संपली, आणि जुने व्हॉल्व्ह सीट (इंजिनाचे व्हॉल्व्ह ज्यावर टेकतात त्या कडा) त्या शिशावर टिकत होते. म्हणून इंजिनाच्या हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घेतले. पेट्रोलचे रबरी पाइपही इथेनॉल सोसणारे घातले. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही, आणि गाडी चालवायचीच असेल तर हे हवंच.

कार्बोरेटर जुळवणं हे मला सगळ्यात आवडलेलं काम. रबरी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं एकेका कार्बोरेटरच्या तोंडाशी, आणि दोन्हींची सूं सारखी येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. मग कार्बोरेटरमधला पिस्टन जरासा उचलायचा. इंजिनाचा वेग क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाला तर मिश्रण बरोबर. वाढूनच राहिला तर पेट्रोल जास्त, पडला तर कमी.

चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला वार्षिक तपासणीची २०१८ पासून सक्ती नाही. मी तरीही दरवर्षी करून घेतो, आणि सिलचा खालचा भाग स्वतः खाली वाकून बघतो. पोकळ्यांत मेण फवारलं आहे, पाणी निघायची भोकं तारेने मोकळी ठेवतो, पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या किंगपिनना दर ३,००० मैलांना ग्रीस. हूड अजून जुनंच आहे, शिवणीतून गळतं. ते हिवाळ्यात उतरवायचं आहे.