वारसनोंद: एका वेळी एक कागद

वडिलांच्या पश्चात गावच्या जमिनीवर वारसनोंद करून घेणे हे काम मला इतके अवाढव्य वाटे, की विषय निघाला तरी मी टाळत असे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 नुसार हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याकडे वर्दी (लेखी खबर) देणे अपेक्षित असते, याचेही दडपण होतेच. शेवटी यादीतून ‘वारसनोंद’ खोडून मी ‘मृत्यू दाखल्याच्या प्रती काढणे’ एवढेच लिहिले. त्यानंतर सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) काढून गट क्रमांक ताडून पाहिले, की त्या दिवसाचे काम संपले.

खरा वेळ खाल्ला तो वारसांच्या प्रतिज्ञापत्राने. बहिणींची माहेरची नावे सातबाऱ्याशी आणि सासरची आधारशी जुळवायची होती. म्हणून त्याचेही तुकडे पाडले आणि एका फोनमध्ये एकाच बहिणीचे कागद मागितले. अर्जानंतरची फेरफाराची (जमिनीच्या नोंदीतील बदलाची) नोटीस, हरकतींची 15 दिवसांची मुदत आणि मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी मी यादीत घेतलीच नाही, कारण (धास्तीच्या भरात हे विसरायला होते) ती कामे माझी नव्हतीच.

आता घराची नोंद उरली आहे. त्यासाठी यादीत सध्या एकच ओळ आहे: ग्रामपंचायतीतून नमुना आठचा (घरांच्या कर आकारणीच्या नोंदवहीचा) उतारा आणणे.