आमची वाटचाल : १५ नंबरचा मणी आणि एक न आलेलं बिल

ठाण्याच्या नौपाड्यात मणीकाम सुरू केलं तेव्हा आम्ही दोघीच होतो, मी आणि आमच्या वन्सं. मणी भुलेश्वरहून, दोरा उधारीवर, आणि हात वन्संचा.

१५ नंबरचा मणी जेमतेम दीड मिलिमीटरचा. नंबर वाढला की मणी बारीक, हे तुम्हाला सांगायला नको. पण सुईत अजूनही लोक चुकतात. १० ची सुई पहिल्या फेरीला जाते, परतीच्या फेरीला दोरा आत असतो, ती अडते, आणि जोर केलात की मणी फुटतो. १२ चीच घ्या, ती आणखी बारीक. दोरा तिरका कापा, टोक नखाने चपटं करा आणि दोरा सुईत घालत बसू नका, सुईच दोऱ्यावर उतरवा. वन्सं आजही चष्मा न लावता ओवतात, बघणाऱ्याला राग येतो. वाटीचा चरखा, म्हणजे वाटी फिरवली की मणी आपोआप सुईवर चढतात तो, आम्हीही घेतला. लांब सर भराभर भरतो, पण वेलीची नक्षी असेल तर रंग मोजून एकेक मणीच उचलावा लागतो.

मधली वर्षं बरी गेली. मग एका मोठ्या दुकानाची नवरात्राची ऑर्डर आली, गरब्याचे चोकर. मणी त्यांनीच दिले, स्वस्तातले, आतून रंग भरलेले. पिशवी उघडताच वन्सं म्हणाल्या, "वहिनी, घामाने उतरतील हे." मी दुकानाला तसं लेखी कळवलं. "तुम्ही फक्त ओवा," असं उत्तर आलं. गरबा सुरू झाला, मुलींच्या गळ्यावर गुलाबी डाग पडले, आणि बाजारभर नाव झालं आमचं. पैसे अडकले. भुलेश्वरची उधारी थांबली. वन्संनी पाटल्या गहाण टाकल्या, त्याबद्दल घरात अजून कोणी बोलत नाही. वरून त्या दुकानाने आमचीच वेल दुसऱ्या एकाकडून निम्म्या मजुरीत करून घेतली.

तेव्हा तारलं ते तलावपाळीजवळच्या एका काकूंनी. दर वर्षी काळ्या मण्यांची पोत आमच्याकडेच गाठवायच्या. त्या साली मुलीच्या लग्नाचे तन्मणी, चिंचपेट्या सगळं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आगाऊ घे गं, मग हिशेब करू." हिशेब करायला त्या चार महिने आल्याच नाहीत. पाटल्या त्याच पैशांतून सुटल्या.

नव्यांनी एवढं करा. कोणी मणी आणून दिले तर चार मणी नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये रात्रभर टाका. सकाळी पाणी रंगीत दिसलं तर पिशवी परत. आणि ऑर्डर कितीही मोठी असू दे, निम्मे पैसे हातात आल्याशिवाय सुई ओवू नका. वन्सं म्हणतात, हे मी सगळ्यांना सांगते आणि ओळखीच्यांना सोडून देते. तो वेगळा विषय.

त्या दुकानाकडून बिलाचे पैसे अजून आलेले नाहीत. आमची वेल त्यांच्या काचेत अजून लागते. परवा मुद्दाम जाऊन हातात घेऊन बघितली. नक्षी जमलीय, पण हुकापाशी दोरा एकदाच फिरवलाय. सुटणार.